त्रास कमी झाला, तरी समाधान का मिळत नाही?

प्रश्न: मी अकरा वर्षे माध्यमिक शाळेत गणित शिकवते आहे. सुरुवातीची वर्षे कामात जीव रमत असे. पुढे कागदपत्रे, अहवाल आणि पालकांच्या तक्रारी यांनी इतकी वैतागले की तीन वर्षांपूर्वी शाळा बदलली. नव्या शाळेत पगार बरा आहे, तासिका कमी आहेत, मुख्याध्यापक समजूतदार आहेत. तक्रार करावी असे काही उरलेले नाही, तरी समाधान मिळत नाही. तास घेते, पाठ्यक्रम पूर्ण करते, पेपर तपासते आणि घरी जाते. सातवीत शिकवलेले नववीत मुलांना आठवत नाही, तेव्हा आपण इतकी वर्षे नेमके काय केले, असा प्रश्न पडतो. आता शाळेने मला पर्यवेक्षकपद देऊ केले आहे. ते घेतले, तर वर्गावर जाणे जवळपास संपेल. माझ्यात कृतज्ञता कमी आहे का? हे पद घ्यावे, की हा व्यवसायच सोडावा?
— एक शिक्षिका

उत्तर: तुमच्यात कृतज्ञता कमी नाही, हे आधीच सांगते. चांगली शाळा मिळूनही मन भरत नाही, म्हणजे दोष आपल्यातच असणार, असा निष्कर्ष तुम्ही काढलेला दिसतो, आणि पत्रातला हाच भाग मला सर्वांत जास्त तपासून पाहण्यासारखा वाटला. तुम्ही शाळा बदलली ती त्रास कमी व्हावा म्हणून, आणि तो खरोखर कमी झाला. त्रास गेला की त्याच्या जागी समाधान आपोआप येईल, ही अपेक्षा मात्र पुरी झाली नाही, कारण नोकरीतला त्रास जिथून येतो तिथूनच समाधानही येते असे सहसा घडत नाही.

फ्रेडरिक हर्झबर्ग या अमेरिकी मानसशास्त्रज्ञाने सुमारे २०० अभियंते आणि हिशेबनीस यांना कामात अतिशय बरे वाटल्याचे आणि अतिशय वाईट वाटल्याचे प्रसंग सांगायला लावले होते. १९५९ साली त्याने जे निष्कर्ष मांडले, त्यांत वाईट प्रसंगांच्या मुळाशी बहुतेक वेळा संस्थेची धोरणे, वरिष्ठांची देखरेख, पगार आणि कामाची परिस्थिती या गोष्टी होत्या, तर चांगल्या प्रसंगांच्या मुळाशी काहीतरी साध्य झाल्याची जाणीव, कामाची घेतली गेलेली दखल, स्वतःवर आलेली जबाबदारी आणि ते काम स्वतःच होते. १९६७ मध्ये थॉमस सर्जिओव्हानी या अमेरिकी शिक्षणतज्ज्ञांनी हीच पद्धत शिक्षकांच्या बाबतीत वापरून पाहिली, तेव्हा त्यांच्याही समाधानाच्या प्रसंगांत साध्य, दखल आणि जबाबदारी याच गोष्टी ठळकपणे पुढे आल्या. माणूस चांगल्याचे श्रेय स्वतःकडे घेतो आणि वाईटाचे खापर परिस्थितीवर फोडतो, त्यामुळे अशा मुलाखतींतून असेच चित्र उमटणार, हा या पद्धतीवरचा जुना आक्षेप आहे आणि त्यात तथ्य आहे, म्हणून मी हा सिद्धान्त अटळ नियम म्हणून तुमच्यापुढे ठेवत नाही. पण तुमची अवस्था समजून घ्यायला तो फार उपयोगी पडतो. नव्या शाळेने तुमच्या त्रासाची यादी जवळजवळ कोरी केली, आणि समाधानाच्या यादीला अजून कोणी हातच लावलेला नाही.

या दोन याद्या वेगळ्या असल्याचे आणखी एका ठिकाणी दिसते. ओईसीडी या आंतरराष्ट्रीय संघटनेने २०१८ साली अनेक देशांतल्या शिक्षकांची पाहणी केली, तेव्हा सरासरी दहांपैकी नऊ शिक्षकांनी आपण एकंदरीत नोकरीत समाधानी असल्याचे सांगितले, पण समाज आपल्या व्यवसायाची किंमत करतो असे म्हणणारे शिक्षक जेमतेम चौथा हिस्सा होते. म्हणजे बाहेरून मान मिळत नाही हे उघड दिसत असतानाही इतक्या शिक्षकांना आपल्या कामात काहीतरी सापडते. ते काय असते आणि तुमच्या हातून ते कुठे निसटले, हाच आपल्यापुढचा खरा प्रश्न आहे.

त्याकडे वळण्याआधी एक खबरदारी घ्या. समाधान नसणे आणि पार थकून जाणे या दोन अवस्था बाहेरून सारख्याच दिसतात. क्रिस्टिना मास्लाक या अमेरिकी मानसशास्त्रज्ञ बाईंनी कामातल्या अतिथकव्याची जी तीन लक्षणे सांगितली आहेत, त्यांत भावनिक शक्ती संपून जाणे, ज्यांच्यासाठी काम करायचे त्या माणसांविषयी कोरडेपणा येणे आणि आपल्या हातून काहीच होत नाही असे वाटू लागणे यांचा समावेश होतो. जागतिक आरोग्य संघटनेनेही २०१९ साली या अवस्थेची नोंद आजार म्हणून नव्हे, पण कामातल्या दीर्घकाळच्या न आवरलेल्या ताणातून येणारी स्थिती म्हणून केली. तुमच्या पत्रात तिसरे लक्षण स्पष्ट आहे, पहिल्या दोघांची खूण मला दिसली नाही, कारण ज्याला मुलांविषयी कोरडेपणा आलेला आहे, त्याला नववीतली मुले काय विसरली याचे इतके लागत नाही. तरीही झोप उडालेली असेल, सुटीनंतरही थकवा उतरत नसेल किंवा शाळेबाहेरच्या गोष्टींतही मन लागत नसेल, तर या उत्तराच्या आधी डॉक्टरांचा किंवा समुपदेशकाचा सल्ला घ्या. पुढचे सारे त्यानंतर.

आता त्या विसरण्याविषयी बोलू, कारण तुमच्या निराशेचा सगळा भार त्या एका अनुभवावर आहे. हर्मान एबिंगहाउस या जर्मन मानसशास्त्रज्ञाने स्वतःवरच प्रयोग करून १८८५ साली दाखवून दिले की पाठ केलेली गोष्ट सुरुवातीला फार झपाट्याने विसरली जाते आणि नंतर विसरण्याचा वेग मंदावतो. त्याच प्रयोगांतली दुसरी गोष्ट शिक्षकांनी अधिक लक्षात ठेवायला हवी. जे पूर्ण विसरल्यासारखे वाटते, ते पुन्हा शिकायला पहिल्यापेक्षा कमी वेळ लागतो, आणि हा वाचलेला वेळ हेच आधीचे शिकणे शिल्लक असल्याचे माप आहे. सातवीत तुम्ही आठवडाभर शिकवलेला भाग नववीतल्या मुलांना आठवला नाही, पण फळ्यावर दोन उदाहरणे मांडताच ‘हो, हे झाले होते’ असे म्हणत त्यांनी तो पुन्हा पकडला असेल, तर तुमचे तेव्हाचे काम तिथे उपस्थित होते. ते तुम्हाला दिसले नाही, कारण आपण मुलांना काय आठवते एवढेच विचारतो आणि किती लवकर पुन्हा जमते हे कोणी मोजत नाही. विसरणे कमी व्हावे असे वाटत असेल, तर सातवीतल्या घटकावरचा एखादा प्रश्न काही आठवड्यांच्या अंतराने पुनःपुन्हा विचारत राहावा, हा त्यावरचा चांगला पारखलेला उपाय आहे. पण तुमच्या पत्राचा विषय मुलांची स्मरणशक्ती हा नाही. आपल्या कामाचा परिणाम आपल्याला दिसत नाही, ही तुमची खरी व्यथा आहे.

आणि ही व्यथा या व्यवसायातच मुरलेली आहे. डॅन लॉर्टी या समाजशास्त्रज्ञाने १९७५ साली अमेरिकी शिक्षकांविषयीचा आपला अभ्यास प्रसिद्ध केला, त्यात शिक्षकांना कामाचे खरे मोल कशात वाटते याचे उत्तर ‘आपण मुलापर्यंत पोहोचलो’ असे जाणवलेल्या क्षणांत मिळाले, आणि त्याच अभ्यासात हेही दिसले की आपण पोहोचलो की नाही, याची खात्री शिक्षकाला क्वचितच होते. सुतार आपले टेबल हलवून पाहू शकतो. शिक्षकाचे काम अनेकांच्या हातून होते, वर्षानुवर्षे चालते, त्यात घरचा, सोबत्यांचा आणि वयाचा वाटा असतो, आणि ते पुरे होण्याआधीच मूल पुढच्या वर्गात गेलेले असते. मग शिक्षक हाताला लागेल ते माप वापरू लागतो. निकालाची टक्केवारी, पाठ्यक्रम वेळेत संपणे, वर्गातली शांतता, वर्षातून एखाद्या माजी विद्यार्थ्याने येऊन पाया पडणे. यांपैकी काहीही वाईट नाही, पण यांतले एकही तुमच्या आजच्या तासाला काय घडले ते सांगत नाही.

तुम्ही गणित शिकवता म्हणून तुमच्याच विषयातले एक उदाहरण घेते. वर्गात ०.४ आणि ०.३५ यांतली मोठी संख्या विचारली, तर काही मुले ०.३५ मोठी म्हणतात, कारण पस्तीस हे चारपेक्षा मोठे आहेत. ही चूक आपण ओळखतो. पण ०.४ असे बरोबर उत्तर देणाऱ्यांत काही मुले अशीही असतात, ज्यांच्या मते दशांश चिन्हानंतर जितके कमी अंक, तितकी संख्या मोठी. दशांश शतांशापेक्षा मोठा असतो हे त्यांनी ऐकलेले असते आणि त्यातून हा सोयीचा नियम त्यांनी स्वतःच बनवलेला असतो. अशा मुलाच्या उत्तरावर बरोबरची खूण पडते, तो बाकावर समाधानाने बसतो, आणि त्याच्या मनात काय चालले आहे हे शिक्षकाला कळतही नाही. आता ०.४ आणि ०.७५ विचारा. मघाशी चुकलेला या वेळी बरोबर येतो आणि मघाशी बरोबर आलेला चुकतो, आणि एवढ्या दोन प्रश्नांत तुम्हाला दोन मुलांच्या डोक्यातले दोन वेगळे नियम लख्ख दिसतात. त्यानंतर तुम्ही ०.४ ला ०.४० असे लिहून दाखवता, एखादा मुलगा वहीकडे बघत थांबतो, स्वतःचे आधीचे उत्तर खोडतो आणि मान वर करतो. तुमच्या यादीत जे साध्य हवे होते ते हे आहे, आणि ते निकालाच्या दिवसाची वाट न पाहता मंगळवारच्या तिसऱ्या तासाला मिळते.

अकरा वर्षांत असे क्षण तुमच्या वर्गात घडले नसतील, असे मला वाटत नाही. ते घडत आहेत आणि निसटत आहेत, कारण तुम्ही आता इतक्या सराईत झाला आहात की तास तुमच्याशिवायही पार पडतो. सुरुवातीच्या वर्षांत प्रत्येक प्रश्नाला काय उत्तर येईल याची धास्ती होती, म्हणून लक्ष होते. कौशल्य आले, धास्ती गेली आणि तिच्याबरोबर लक्षही गेले. जिनिव्हाचे शिक्षण-संशोधक मायकेल ह्युबरमन यांनी १६० स्विस माध्यमिक शिक्षकांच्या संपूर्ण कारकिर्दीचा अभ्यास केला होता, त्यात सातव्या ते अठराव्या वर्षांदरम्यानचा काळ हा बऱ्याच जणांच्या बाबतीत एकतर नवे काही करून पाहण्याचा किंवा ‘हेच करत राहायचे का’ असे स्वतःला विचारण्याचा काळ ठरला. तुम्ही नेमक्या त्याच टप्प्यावर आहात. त्या अभ्यासातली मला सर्वांत मोलाची वाटलेली गोष्ट पुढची आहे. कारकिर्दीच्या उत्तरार्धात जे शिक्षक समाधानी आढळले, त्यांत आपल्याच वर्गात सातत्याने लहान लहान प्रयोग करत राहिलेले, अधूनमधून इयत्ता किंवा विषयाचा भाग बदलून घेतलेले शिक्षक जास्त होते, आणि साऱ्या शाळेची घडी बदलण्याच्या मोठ्या योजनांत स्वतःला झोकून दिलेल्यांच्या वाट्याला तुलनेने निराशा अधिक आली. मोठ्या सुधारणा करू नयेत, असा याचा अर्थ मी घेत नाही, त्या कोणीतरी करायलाच हव्यात. पण समाधानाची सोय तिथे लावू नये, कारण तिथले यश आपल्या हातात फार थोडे असते.

म्हणून माझी सूचना अगदी लहान आहे. सगळे वर्ग बदलायला जाऊ नका. एकच वर्ग निवडा, शक्यतो जो तुम्हाला सर्वांत कंटाळवाणा वाटतो तो, आणि एक घटक निवडा. त्या वर्गात तास संपण्याच्या पाच मिनिटे आधी असा एक प्रश्न द्या, ज्याच्या चुकीच्या उत्तरातून मुलाने काय विचार केला ते कळेल, आणि मुलांना तो नाव घालून कागदाच्या चिठोऱ्यावर सोडवू द्या. हे कागद गुण द्यायला वापरू नका, नाहीतर मुले लपवायला लागतील आणि तुमच्या डोक्यावर आणखी एक तपासणी येऊन पडेल. नुसते वाचा, सारख्या विचारांचे गठ्ठे करा, आणि दुसऱ्या दिवशीच्या तासाची सुरुवात त्यांतल्या एका गठ्ठ्यापासून करा. एका वहीत तारीख घालून दोन ओळी लिहा: आज कोणाच्या विचारात काय हलले. काही दिवस वही कोरी राहील, तसे झाले तर ती कोरीच राहू द्या, ओढूनताणून काही लिहू नका. एका सत्राच्या अखेरीस ती वही तुमच्यासाठी तुमच्या कामाचा असा पुरावा असेल, जो कोणत्याही निकालपत्रकात सापडत नाही.

दखल ही दुसरी गोष्ट, आणि तिच्या बाबतीत मला थोडी काळजी वाटते, कारण तुमच्या पत्रात एकाही सहकाऱ्याचा उल्लेख नाही. शिक्षकाचे काम विचित्र रीतीने एकाकी असते. दिवसभर माणसांत असून आपले काम जाणणारे माणूस समोर कधीच नसते. मुख्याध्यापक वर्षातून एकदा येऊन पाठ पाहतात आणि शेरा देतात, ती दखल तपासणीची असते. जपानमध्ये शंभराहून अधिक वर्षे एक पद्धत रूढ आहे. काही शिक्षक मिळून एकच पाठ तयार करतात, त्यांतला एक जण तो शिकवतो, बाकीचे वर्गात उभे राहून शिक्षकाकडे न पाहता मुलांकडे पाहतात, आणि नंतर सर्व जण बसून मुलांनी कुठे काय विचार केला यावर बोलतात. पाठ सगळ्यांचा असल्यामुळे त्यात कोणा एकाची परीक्षा होत नाही. तुमच्या शाळेत एवढे सारे उभे करणे शक्य नसेल, पण एका सहकाऱ्याला ऑफ तासाला ‘माझ्या वर्गात मागे बसून त्या दोन मुली काय करतात एवढेच बघ’ असे सांगणे शक्य आहे, आणि पुढच्या आठवड्यात तुम्ही तिच्या वर्गात जाऊन बसू शकता. स्टाफरूममधल्या गप्पा मुलांच्या चुकांबद्दलच्या तक्रारींवरून त्या चुकांमागच्या विचारांकडे वळल्या, तर तिथली हवा बदलते, हे मी अनेकदा पाहिले आहे.

इथे एक गोष्ट ठामपणे सांगायला हवी, कारण हे उत्तर तुमच्याखेरीज इतर शिक्षकही वाचतील आणि त्यांतल्या अनेकांना तुमच्यासारखी शाळा मिळालेली नसेल. समाधान वर्गात असते, या वाक्याचा आधार घेऊन कोणी शिक्षकांना कमी पगारावर, खच्चून भरलेल्या वर्गांत आणि शिकवण्याशी संबंध नसलेल्या कामांच्या ढिगाऱ्याखाली आनंदी राहायला सांगत असेल, तर ते मान्य करू नये. युनेस्को आणि आंतरराष्ट्रीय श्रम संघटना यांनी १९६६ साली शिक्षकांच्या दर्जाविषयी संयुक्त शिफारस केली, तीत शिक्षकांच्या कामाची परिस्थिती त्यांना आपल्या व्यावसायिक कामावर लक्ष केंद्रित करता येईल अशी असावी, असे स्पष्ट म्हटले आहे, आणि ज्या दिवशी ती स्वीकारली गेली तो ५ ऑक्टोबर हाच दिवस १९९४ पासून जागतिक शिक्षक दिन म्हणून पाळला जातो. परिस्थितीसाठी भांडणे हेही शिक्षकाचेच काम आहे. तुम्ही शाळा बदललीत ते योग्यच केलेत. मुलांच्या चिठोऱ्या वाचायला जी उसंत लागते, ती तुम्हाला त्याच निर्णयाने मिळवून दिली आहे.

आता व्यवसाय सोडण्याचा प्रश्न. तो अजून विचारायची वेळ आलेली नाही, असे माझे मत आहे, पण तो निषिद्धही नाही. एक पूर्ण सत्र वर सांगितल्याप्रमाणे मनापासून करून पाहिल्यावरही मुलाच्या चुकीच्या उत्तरामागे काय आहे हे जाणून घ्यायची इच्छा जागी झाली नाही, तर वर्गातले काम तुमच्यासाठी संपले आहे असे समजा आणि अपराधी न वाटून घेता दुसरीकडे वळा. पाठ्यसाहित्य तयार करणे, प्रश्नपत्रिका रचणे, नव्या शिक्षकांना प्रशिक्षण देणे, अशा कामांना तुमच्या अनुभवाची गरज असते. हा निर्णय परीक्षांच्या आणि पेपर तपासणीच्या दिवसांत मात्र घेऊ नका, त्या दिवसांत कोणालाही सगळेच सोडून द्यावेसे वाटते.

पर्यवेक्षकपदाचे तुम्ही काय करावे, याबद्दल मी अधिक सावध आहे. त्यात दखल आहे आणि जबाबदारी आहे, त्यामुळे पहिले काही महिने बरे वाटेल हे नक्की. पण त्या पदाचा बहुतेक वेळ वेळापत्रके, बदली तास, हजेरीपत्रके आणि पालकांच्या तक्रारी यांत जातो, म्हणजे ज्या गोष्टींना कंटाळून तुम्ही आधीची शाळा सोडलीत, त्याच आता तुमच्या कामाचा मुख्य भाग होतील. वर्गातले असमाधान टाळण्यासाठी पद घेत असाल, तर थांबा. इतर शिक्षकांच्या वर्गांत जाऊन बसता येईल, त्यांच्याबरोबर पाठ आखता येतील, नव्या शिक्षकांना हाताशी धरता येईल, असे काही त्यात करता येणार असेल, तर ते पद घेण्यासारखे आहे, आणि तसे आहे की नाही हे मुख्याध्यापकांना सरळ विचारा. ते समजूतदार आहेत असे तुम्हीच लिहिले आहे. मात्र पद घेतलेत, तर एक अट ठेवा: सातवीचा गणिताचा एक वर्ग वर्षभर तुमच्याकडेच राहील, आणि कार्यालयीन कामासाठी त्या तासिकेला तुम्हाला बोलावले जाणार नाही. ही अट तोंडी न ठेवता वेळापत्रकात लिहून घ्या, आणि त्यासाठी पुढच्या वर्षाच्या तासिकांचे वाटप होण्याआधीच त्यांना भेटा, कारण एकदा वर्ग वाटले गेले की तो एक वर्ग परत मिळवताना दुसऱ्या कोणाकडून तरी काढून घ्यावा लागेल.